भरल्या पोटाचा काझी

उपाशीपोटी मुकादमसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. अल-खोबरमधल्या आमच्या चार मजली इमारतीत दोघांचं बिनसलं, की तिसरा धावत आमच्या दाराशी यायचा आणि बेलवरचा अंगठा न काढता विचारायचा, "वहिनी, साहेब जेवले का?"

साहेबांच्या जेवणाची चौकशी आमच्या दारात का, तर त्यामागे सातशे-आठशे वर्षांचा कायदा होता. मुकादमसाहेब मूळचे श्रीवर्धनकडचे. धाहरानच्या तेल कंपनीत अरबी करारांचे इंग्रजी तर्जुमे करायचे, ते पोटासाठी. बाकी सगळा जीव एका माणसात अडकलेला होता. शाम म्हणजे आजच्या सीरियाकडच्या एका शहरात होऊन गेलेला शाफई पंथाचा एक काझी. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण ते संपत नाही. स्वतःचं, बापाचं, आजाचं, पणजाचं, मग पणजाच्या बापाचं, मग गाव, मग पंथ. मुकादमसाहेब ते नाव घ्यायला लागले की माझी बायको सुनंदा चहाचं आधण ठेवायची, आणि नाव गावापर्यंत पोचेतो चहा गाळून व्हायचा. एकदा मध्येच घरावरून विमान गेलं, तर त्यांनी ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून सगळी इमारत त्या थोर माणसाला नुसतं 'बडे काझी' म्हणायला लागली.

बडे काझींचा दंडक असा की उपाशी असताना, रागात असताना, झोप आलेली असताना आणि लघवीला लागलेली असताना निवाडा करायचा नाही. शिवाय ज्याचा खटला त्याच्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. आता मुकादमभाभींच्या हाताला अशी चव की समुद्रातून मासे आपणहून त्यांच्या तव्याकडे यायचे. पण त्यांच्या फ्रीजमध्ये सगळ्या इमारतीतल्या बायकांचे डबे नांदत. कुठली चटणी फिर्यादीची आणि कुठलं लोणचं आरोपीचं, सांगता यायचं नाही. म्हणून न्यायदानाचं जेवण आमच्याकडे. इमारतीत मी एकटाच असा होतो, की ज्याच्याशी भांडण्यात कुणाला रस नव्हता.

सुनंदा आमटी-भात वाढायची. साहेब शांतपणे जेवायचे, हात धुवायचे, बाथरूमला जाऊन यायचे (हा दंडकातला चौथा मुद्दा), आणि मग सोफ्याच्या मधोमध बसून म्हणायचे, "हं. आता बोला. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त श्वास घ्यायचा."

दोन्ही पक्ष सारख्या उंचीवर बसले पाहिजेत, हाही काझींचाच नियम. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी अंगाने लहानखुरे आणि तिसऱ्या मजल्यावरचा परकार म्हणजे बंदरातली क्रेन. त्यांचा खटला उभा राहिला तेव्हा साहेबांनी कुलकर्ण्यांच्या बुडाखाली आमच्या घरातल्या एकूण एक उश्या घातल्या. कुलकर्णी गणपतीसारखे विराजमान झाले. न्याय व्हायच्या आधीच त्यांचा राग निम्मा उतरला होता.

खटला सावलीचा होता. इमारतीमागे पत्र्याच्या शेडखाली गाडीला एकच जागा. ज्यांनी जुलैतलं खोबर पाहिलं नाही त्यांना वाटेल, त्यात काय एवढं. अहो, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर मी स्वतः थालीपीठ होताना पाहिलंय, आणि दुसऱ्या बाजूने उलटायला सुनंदा खाली पोचायच्या आत ते करपलं होतं. साहेबांनी दोघांचं ऐकलं. परकार एका हॉस्पिटलात रात्रपाळीला, त्यामुळे त्याची गाडी दिवसभर घरी उन्हात. कुलकर्ण्यांची गाडी दिवसभर ऑफिसात. साहेब म्हणाले, "रविवार ते गुरुवार सावली परकारची. शुक्रवार-शनिवार कुलकर्ण्यांची. खलास."

दोघं उठले. कुलकर्णी उश्यांवरून उतरले. आणि ताटं उचलताना सुनंदा सहज म्हणाली, "सांदणं आवडली ना हो? सकाळी परकारांच्या शबानाने पाठवली होती."

मुकादमसाहेबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. तांदळाची, नारळाच्या रसातली, जाळीदार ती सांदणं. साहेबांनी चार खाल्ली होती, पाचवं मागून घेतलं होतं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. बडे काझींचा एक निवाडा चुकला तेव्हा त्यांनी बाजारात दवंडी पिटून स्वतःची चूक जाहीर केली होती म्हणे. मी म्हटलं, "साहेब, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की." तर म्हणाले, "ग्रुप लोकांनी म्यूट केलाय, इंजिनियर. म्यूट केलेल्या माणसापुढे दवंडी होत नाही." आणि त्यांनी चारही मजल्यांवरची प्रत्येक बेल वाजवली. मुलं शाळेतून आली होती, त्यांनाही सांगितलं. खालच्या बंगाली वॉचमनला सांगितलं. कोपऱ्यावरच्या तुर्की न्हाव्याला सांगितलं, त्याच्या खुर्चीत दाढीला साबण लावून बसलेल्या सौदी गिऱ्हाइकाला शुद्ध अरबीत सांगितलं. तो बिचारा साबणासकट उभा राहिला आणि त्याने साहेबांच्या कपाळाचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी खटला नव्याने चालला. सुनंदाने स्वतः भाजी चिरली, स्वतः फोडणी दिली, दाराला आतून कडी घातली. पुन्हा उश्या, पुन्हा दोघांचं बोलणं. आणि निकाल तोच! रविवार ते गुरुवार परकार.

कुलकर्णी खवळले. "मग फरक काय पडला, साहेब?"

"पडला ना. आज तो निवाडा आहे. काल ती मेजवानी होती."

कुलकर्ण्यांनी त्यानंतर सावलीचा 'स' काढला नाही.

साहेब काझींबद्दल बोलायचे तेही असं, की ते धाहरानलाच पुढच्या बिल्डिंगमध्ये नोकरीला आहेत. दर शनिवारी दमामहून ट्रेनने रियाधला जायचे. तिथल्या ग्रंथालयात काझींच्या हस्तलिखितांच्या नकला होत्या. पान लावत, अक्षर लावत दिवसभर बसायचे. रविवारी संध्याकाळी जिन्यात भेटले की ताजी बातमी: "काझींना काढलं हो! कालव्याच्या पाण्याचा खटला सुभेदाराच्या विरुद्ध दिला, तर सुलतानाने घरी बसवलं." सुनंदा हातातली पिशवी तिथेच ठेवायची. "अगंबाई! आणि घर? सरकारी घर सोडावं लागलं का त्यांना?" साहेब म्हणायचे, "ते पुढच्या शनिवारी बघतो." आठवडाभर आमच्या घरात सुलतानाबद्दल फार वाईट बोललं जायचं. दोरखंड विकणाऱ्याचा हा मुलगा शहरात शिकायला आला, मदरशाच्या ओसरीवर झोपला, काझीपद तीनदा नाकारून चौथ्यांदा पदरात पडलं, एकदा गेलं, परत मिळालं. आम्ही सगळं हप्त्याहप्त्याने ऐकलं. काझींची पुनर्नियुक्ती झाली त्या आठवड्यात कुलकर्ण्यांनी पेढे वाटले. खोटं वाटेल, पण मी दोन खाल्ले.

हे सगळं साहेब मराठीत लिहून काढत होते. काझींचं मराठीतलं पहिलं चरित्र. काझी पासष्ट वर्षांचे झाले तोपर्यंत मजकूर आला होता.

आता खानसाहेब. लखनौकडचे, साहेबांच्याच कंपनीत हिशेबखात्यात. एकटे राहायचे. बेगम गेलेल्या, मुलं कॅनडात. दर शुक्रवारी दुपारी मुकादमांकडे जेवायला आणि भांडायला यायचे. खानसाहेब हनफी, मुकादम शाफई. कोकणातले मुसलमान शाफई आणि उत्तरेकडचे बहुतेक हनफी, हे मला खोबरला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यानंतर मात्र इतकं ठाऊक झालं की दोन्हीकडून परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो. दुपारच्या नमाजाची वेळ कधी संपते यावर ते पडदे हलतील एवढ्या आवाजात भांडायचे. आणि समुद्रातलं काय खावं यावर तर विचारूच नका. शाफईंना माकुल म्हणजे स्क्विड चालतं, हनफींना माशाखेरीज समुद्रातलं काही चालत नाही. भाभींच्या लालभडक मसाल्यातल्या माकुलाच्या चकत्यांकडे खानसाहेब चष्मा वर करून बघायचे. "मुकादम साहब, यह तो पाइप का वॉशर है. खाने की नहीं, प्लंबर की चीज है."

"तुमच्या इमामांना समुद्र लांब होता, खानसाहेब. आमच्या दारात आहे."

"दरवाजे में तो बिल्ली भी बैठती है."

पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. माकुल असलं की साहेब खानसाहेबांसाठी पापलेटाचं कालवण वेगळ्या पातेल्यात करवून घ्यायचे आणि त्या पातेल्यातल्या पळीवर स्वतः पहारा द्यायचे. एकदा मी चुकून माकुलाचा चमचा तिकडे नेला, तर माझं मनगट असं धरलं की आजही थंडीत दुखतं. "इंजिनियर, त्यांचं खोडून काढायचा हक्क मला आहे. बाटवायचा नाही."

तर अशाच एका शुक्रवारी, मागच्या वर्षी, खानसाहेब जिना चढून आले ते खजुरांचा मोठा डबा घेऊन. चेहरा ईदसारखा. आम्ही दोघं नवरा-बायको मुकादमांकडे आधीच जेवायला बसलो होतो. खानसाहेब दारातूनच ओरडले, "मुबारक हो, भाभी! कंपनी ने मुकादम साहब को दो साल का एक्स्टेंशन दिया! अब देखिए, दो साल इनका एक-एक दावा गलत साबित करता हूँ."

भाभींच्या हातात भाताची परात होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

साहेब साठ पूर्ण करून निवृत्त व्हायचे होते आणि दोघांनी श्रीवर्धनला परतायचं ठरलेलं होतं. भाभींनी तर पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं, तिकडच्या खिडक्यांच्या मापाचं. आणि इकडे साहेबांनी काझींसाठी परस्पर कंपनीला होकार देऊन टाकला होता. नोकरी संपली की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला, इकामा संपला की शनिवारचं रियाध संपलं. पाहुणा म्हणून आठ दिवस येऊन ते काम होत नाही.

मला वाटलं आता भाभी रडतील किंवा परात फेकतील. भाभी पदराला हात पुसत म्हणाल्या, "सगळ्या खोबरचे खटले चालवलेत ना? आता माझा चालवा."

साहेब गडबडले. "अगं, माझाच खटला मी कसा चालवणार? काझीला स्वतःच्या घरचा निवाडा करता येत नाही."

"मग दुसरा काझी आणा."

परकार, कुलकर्णी आधीचे पक्षकार, ते बाद. आम्ही साहेबांना जेवू घालणारे, आम्ही बाद. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती खजुराच्या डब्यावर थांबली. "खानसाहेब."

खानसाहेबांनी डबा छातीशी धरला. "मैं? मैंने तो आज तक आपकी एक बात नहीं मानी!"

"म्हणूनच तर."

"चालेल," भाभी म्हणाल्या. "हे माझी बाजू घेणार नाहीत, कारण यांना शुक्रवारचं भांडण पायजे. आणि तुमची घेणार नाहीत, कारण जन्मात घेतली नाही. मला मंजूर."

पुढच्या शुक्रवारी आमच्या घरी कोर्ट बसलं. खानसाहेब सकाळपासून काही खाल्लेलं नसताना आले आणि म्हणाले, भूकच नाही. साहेबांनी त्यांना ताटावर बसवलं. "उपाशी काझी मला नको." बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच सुनंदाची आमटी औषधासारखी घोट घोट घेतली. मग हात धुतले, बाथरूमला जाऊन आले. नियम म्हणजे नियम.

"पहले भाभी."

भाभी समोरच्या सोफ्यावर, साहेबांच्या बरोबरीने बसल्या. "मी काय मोठं बोलणार? श्रीवर्धनला आमचं घर बांधून झालं, त्यात आम्ही पाहुण्यासारखे राहिलो. शेजारी माझी मोठी बहीण राहते. तिला आता नीट दिसत नाही. भिंतीला हात लावत रोज येते, माझ्या घराची दारं उघडते, वारा लावते. मग फोन करते, 'तुझ्या घरात बसून आलंय गो.' माझ्या घरात ती बसते आणि मी इथं एसीचा आवाज ऐकत. हे म्हणाले, मुलगी दहावी झाली की जाऊ. मग बारावी. मग तिचं लग्न. ती आता पुण्यात स्वतःच्या लेकीला शाळेत सोडते. आता म्हणतात, काझी झाले की जाऊ."

साहेब मान खाली घालून बोलले, पण बोलले चांगलं. काझींची शेवटची वर्षं राहिली होती, म्हातारपणी त्यांनी कुठले निवाडे फिरवले, ते फक्त त्या कागदांत होतं. मराठीत हे कुणी केलेलं नाही, आणि आपण सोडलं तर कुणी करणार नाही. "दोनच वर्षं. मी स्वतःसाठी मागत नाही."

"एक विचारू?" भाभी म्हणाल्या. "काझींच्या बायकोचं नाव काय?"

  ज्या माणसाने आम्हाला पणजाच्या बापापर्यंत नावं पाठ करायला लावली, तो म्हणाला, "लिहिलेलं नाही. एका ठिकाणी 'घरची माणसं' एवढंच आहे."

"बघा," भाभी एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खानसाहेबांनी चष्मा पुसला.  "मुकादम साहब, कंपनी को हाँ कहने से पहले आपने भाभी से पूछा था?"

"सांगणार होतो."

"बताना नहीं. पूछना."

"नाही विचारलं."

"यानी मुद्दई भी आप, काझी भी आप, और दूसरे फरीक की सुनवाई हुई ही नहीं." मुद्दई म्हणजे फिर्यादी, फरीक म्हणजे खटल्यातला पक्ष. "आपके बडे काझी के सामने ऐसा फैसला आता, तो क्या करते?"

इथे मुकादमसाहेबांची थोरवी. मी असतो तर दहा पळवाटा काढल्या असत्या, अकराव्या वाटेने पळालो असतो. साहेब सरळ बसले. म्हणाले, "रद्द."

"तो रद्द," खानसाहेब म्हणाले. "अब भाभी से पूछिए."

साहेब भाभींकडे वळले. आयुष्यभर बायकोला 'तू' म्हणणारा माणूस, त्या कोर्टात म्हणाला, "तुमची काय इच्छा आहे?"

"घरी जायचंय."

"मग घरी."

खानसाहेब उठले, कुणाकडे न बघता जिन्याकडे गेले. मी दारापर्यंत पोचवायला गेलो. रेलिंगला धरून ते उभे राहिले. मी म्हटलं, "काय खानसाहेब, शेवटी जिंकलात की मुकादमांवर!" ते हसले नाहीत. म्हणाले, "इंजिनियर साहब, मैं भी तो फरीक था. जुमे के बाद अब मैं किसके घर जाऊँगा? यह बात मुझे पहले बतानी थी, फिर भी फैसला देने बैठ गया. भाभी ने मेरी चोरी पकड ली थी, आपने सुना नहीं?" आणि एकेक पायरी उतरत गेले.

मुकादमसाहेबांनी रविवारी कंपनीत जाऊन एक्स्टेंशन परत केलं. पुस्तकाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "आहे तेवढं छापू. शेवटच्या वर्षांपर्यंत मी पोचलोच नाही, म्हणजे माझ्या लेखी काझी अजून पासष्टीचे आहेत आणि कामावर आहेत. वाईट काय आहे?" म्हणाले हसत, पण पुढच्या शनिवारी सकाळी ते ट्रेनच्या वेळेला तयार होऊन, बूट घालून, दारातल्या खुर्चीवर बसलेले सुनंदाने पाहिले. मग भाभींनी त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली आणि ते निवडत बसले.

त्यांना सोडायला दमाम विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. खानसाहेब आले नाहीत. ऑफिसात काम आहे म्हणाले, शनिवारी. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे होतो आणि साहेब-भाभी रांगेतून काउंटरपर्यंत पोचले. मागे अर्धं केरळ आणि पाऊण कोकण, ट्रॉल्यांवर टीव्ही, ब्लँकेटं, रडणारी पोरं. काउंटरवरचा मुलगा पासपोर्टवरून मान वर न करता म्हणाला, "विंडो ऑर आइल?"

साहेबांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं भाभींना मधली सीट, साहेबांना खिडकीची, कारण त्यांना वाचायला उजेड लागायचा. त्यांनी तोंड मिटलं. उजवा हात वर करून त्या मुलाला थांबवलं आणि वळून विचारलं, "तुम्ही सांगा. कुठे बसायचं?"

मागून कुणीतरी घाई करत ओरडलं, "यल्ला, यल्ला!" साहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात तसाच वर.

भाभींनी पर्स खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "थांबा जरा. विचार करू दे."